हद्दवाढ आणि हॉवर्डसाहेब

आपण राहायला आलो तेव्हा गेटबाहेर ज्वारीच होती की! मग हद्दवाढ झाली, शेतं एनए झाली. आपल्या इमारतीही कुणाच्या तरी शेतावरच उभ्या आहेत म्हणा. अशा वेळी मला एबेनेझर हॉवर्ड आठवतात.

जन्म १८५०, लंडन. वडील दुकानदार. एकविसाव्या वर्षी अमेरिकेत जाऊन शेती केली, ती बुडाली. परत येऊन पार्लमेंटची भाषणं लघुलिपीत टिपून पोट भरलं. ना इंजिनिअर, ना आर्किटेक्ट! पण १८९८ साली पुस्तक लिहून त्यांनी साधा हिशेब मांडला. गाव हजार एकरांत, भोवती पाच हजार एकर शेती, माणसं सारी मिळून ३२,०००. गाव भरलं तरी शेती गिळायची नाही. तिच्यापलीकडे दुसरं गाव वसवायचं. जमीन सामाईक, म्हणजे वाढत्या किमतीचा फायदा गावालाच. १९०३ मध्ये लेचवर्थचं काम सुरू झालं, १९२० मध्ये वेल्विनचं. वेल्विनलाच १९२८ साली ते वारले.

सामाईक जमीन आपल्यालाही नवी नाही. मागच्या मोकळ्या जागेत पार्किंग करायचं की झाडं राखायची, हे येत्या सभेत ठरेल. माझं मत झाडांना.