हुकमी गोलंदाज, तरी कर्णधारपद का नाही? कोण होते बाळू पालवणकर?

सावर्ड्याजवळच्या पालवणचं नाव शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या जिमखान्यांवर गाजत होतं. बाळू पालवणकरांचं कुटुंब मूळचं पालवणचं, चर्मकार समाजातलं. बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. पुण्यात युरोपीयांच्या क्लबमध्ये ते महिना ४ रुपयांवर मैदानाची देखभाल करायचे आणि सरावात साहेबांना चेंडू टाकायचे. त्यातूनच हा डावखुरा फिरकीपटू घडला.

विकेट हव्यात म्हणून हिंदू संघाने त्यांना घेतलं. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालायचा. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात!

१९०६ मध्ये हिंदूंनी युरोपीयांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंच्या ८ विकेट होत्या. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. प्रथम श्रेणीत ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. एवढे आकडे असूनही कर्णधारपद त्यांच्याकडे आलंच नाही.

मुंबईची चौरंगी स्पर्धा म्हणजे युरोपीय, पारशी, हिंदू आणि मुस्लिम संघांची बाद फेरी. एक सामना हरलात की हंगाम संपला. १९२० मध्ये हिंदूंचे कर्णधार पै आजारी पडले. बाळूंचे भाऊ विठ्ठल यांना डावलून नेतृत्व देवधरांकडे गेलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायलाच नकार दिला. अंतिम सामन्याआधी तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार झाले. पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरता संघ त्यांच्या हाती आला. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. बाळूंचं निधन १९५५ मध्ये मुंबईत झालं.