गळ टाकणारा मॅजिस्ट्रेट, जो एका तळ्यासाठी सरकारला भिडला

ज्याला मासे पकडायचा नाद, तोच मासे वाचवायला सरकारशी भांडतो, हे ऐकायला जरा विचित्र वाटतं. पण कॅनडात असा एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव रॉडरिक हेग-ब्राऊन.

जन्म १९०८ चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. वडील शिक्षक आणि लेखक. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली ते मारले गेले, तेव्हा रॉडरिक दहा वर्षांचा होता. पुढे त्याला चार्टरहाऊस या नामांकित शाळेत घातलं. त्याचे आजोबा एकेकाळी याच शाळेचे हेडमास्तर होते. पण नातवाचं तिथं जमलं नाही, शाळेनं त्याला काढून टाकलं.

१९२६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी पोरगं अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात लाकूडतोडीच्या कॅम्पवर आलं. व्हिसाची मुदत संपली तसं सीमा ओलांडून कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर गेलं. तिथं लाकूडतोड केली, जनावरं पकडायचे सापळे लावले, शिकाऱ्यांना वाट दाखवली. आणि तिथंच त्याला स्टीलहेडचं वेड लागलं.

आता हा स्टीलहेड म्हणजे काय? तर समुद्रात जाणारा रेनबो ट्राऊट. जन्म नदीत, वाढ समुद्रात आणि अंडी घालायला परत नदीत. पॅसिफिकमधले सॅल्मन अंडी घातली की मरतात. स्टीलहेड मात्र जगला तर पुन्हा समुद्रात जातो आणि पुन्हा नदीत येऊ शकतो.

त्यातही हिवाळी स्टीलहेड पकडणं म्हणजे संयमाची परीक्षा. तो साधारण नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये नदीत चढतो. पाणी बर्फासारखं गार, त्यामुळं मासा सुस्त होऊन तळाशी बसलेला. नदीत आल्यावर तो फारसं खातही नाही. बरेच जण आमिष म्हणून सॅल्मनची अंडी लावायचे. फ्लाय फिशिंगमध्ये तसलं आमिष नसतं. गळाला पिसं, केस आणि दोरा गुंडाळून खोटा किडा बनवतात. त्याला वजन नसतं, म्हणून जाड दोरीच्या वजनावर तो लांब फेकायचा, तळापर्यंत बुडू द्यायचा आणि प्रवाहासोबत हळूहळू माशाच्या तोंडासमोरून न्यायचा. दिवस दिवस काहीच लागत नाही.

१९३४ मध्ये रॉडरिकनं सिअ‍ॅटलच्या अ‍ॅन एल्मोर हिच्याशी लग्न केलं आणि दोघांनी कॅम्पबेल नदीच्या काठी घर केलं. तिथं चार मुलं वाढली आणि एकापाठोपाठ एक पुस्तकं आली. १९४६ चं 'अ रिव्हर नेव्हर स्लीप्स' हे त्यातलं गाजलेलं पुस्तक. नदीचं वर्ष त्यात महिन्यागणिक येतं आणि सुरुवात होते जानेवारीतल्या स्टीलहेडपासून.

कायद्याची पदवी नसतानाही १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हेग-ब्राऊन गावचे मॅजिस्ट्रेट झाले. तीसेक वर्षं ते या खुर्चीवर होते.

पण नदी बदलत होती. १९४७ मध्ये कॅम्पबेल नदीवर वीजनिर्मितीसाठी जॉन हार्ट धरण उभं राहिलं. पुढं १९५० च्या दशकात प्रांताच्या वीज आयोगाची नजर वरच्या अंगाला असलेल्या बटल तळ्यावर गेली. हे तळं स्ट्रॅथकोना उद्यानात येतं. १९११ मध्ये राखून ठेवलेलं हे ब्रिटिश कोलंबियाचं सर्वांत जुनं प्रांतिक उद्यान.

मॅजिस्ट्रेटसाहेब विरोधात उतरले. तो काळ विकासाचा, लोकांना वीज हवी, नोकऱ्या हव्यात. अशात धरणाला नाही म्हणणारा माणूस खुळाच ठरायचा. तरी ते सुनावण्यांना गेले, लिहीत राहिले, बोलत राहिले. शेवटी धरणाची जागा तळ्याच्या तोंडावरून खाली सरकवली गेली. पण पाणी चढलंच आणि बटल तळ्याचा जुना काठ बुडाला. म्हटलं तर अर्धी लढाई जिंकली, म्हटलं तर अर्धी हरली.

या लढ्यानंतरही ते गप्प बसले नाहीत. फ्रेझर नदीवरच्या मोरान धरणाच्या योजनेलाही त्यांनी विरोध केला. ते धरण कधीच झालं नाही, आणि सॅल्मनची ती वाट मोकळी राहिली. १९७० ते ७३ या काळात ते व्हिक्टोरिया विद्यापीठाचे कुलपती होते. म्हणजे शाळेनं काढलेला मुलगा थेट कुलपती.

९ ऑक्टोबर १९७६ रोजी हेग-ब्राऊन गेले. पुढच्याच वर्षी सॅल्मनसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅडम्स नदीकाठच्या उद्यानाला त्यांचं नाव दिलं गेलं. २०१८ मध्ये ते बदलून तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव देण्यात आलं. स्ट्रॅथकोना उद्यानातल्या एका शिखराला मात्र आजही हेग-ब्राऊन हेच नाव आहे.

आज दक्षिण ब्रिटिश कोलंबियातल्या अनेक नद्यांत स्टीलहेड खूप कमी झालाय. नदी राहिली तरच मासा राहील आणि मासा राहिला तरच गळ टाकण्यात मजा, एवढा साधा हिशोब हेग-ब्राऊन यांनी सत्तर वर्षांपूर्वीच मांडला होता.