शेंगदाण्याच्या आधीचे कार्व्हर

होस्टेलवर 'एक होता कार्व्हर' कधीच हातात न घेतलेला मुलगा विरळाच. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि तेव्हापासून या खोलीतून त्या खोलीत फिरतंय. माझ्याकडे ते नेमकं सबमिशनच्या आठवड्यात आलं. जर्नल्सचं काय झालं ते विचारू नका!

कार्व्हर म्हटलं की सगळ्यांना शेंगदाणा आठवतो. पीनट बटर त्यांनीच शोधलं, असं मेसमध्ये छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. ते खरं नाही. मी सिव्हिलचा, त्यामुळे असेल कदाचित, पण मला शेंगदाण्यापेक्षा त्यांची मातीच जास्त लक्षात राहिली.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८६४ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात गुलाम आईच्या पोटी जन्मले. तान्हेपणीच आई गेली, ती पळवून नेलेली. शाळेसाठी गावोगाव भटकत, लोकांचे कपडे धूत हा मुलगा आयोवाच्या कृषी महाविद्यालयात पोचला. १८९६ साली पदव्युत्तर पदवी मिळाली आणि त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत दाखल झाले.

तिथली जमीन बघून कोणीही परत फिरला असता. वर्षानुवर्षं कापसावर कापूस. कपाशीच्या ओळींमधली माती पिकाचा बराच काळ उघडी राहते, आणि पीक निघालं की अख्खं रानच उघडं. पावसाचा थेंब थेट ढेकळावर आदळतो, माती फुटते, बारीक कणांनी वरची भोकं बुजतात, पाणी मुरत नाही, पळतं. जाताना वरचा कस घेऊन जातं. उतारावर आधी ओघळी पडतात, मग माणूस उभा मावेल अशा घळी. संस्थेच्या प्रयोगशेतातही अशा घळी होत्या.

कार्व्हरांनी त्या पाइनच्या फांद्या, पालापाचोळा, जुन्या पऱ्हाट्या, मिळेल तो कचरा टाकून बुजवल्या. खोल नांगरट केली. मग कपाशी थांबवून चवळी लावली. चवळी जमिनीवर पसरते, थेंबाचा मार पानांवर घेते, मुळांच्या गाठींतून नत्र देते आणि कुजली की मातीचे कण बांधून ठेवते. पुढे रताळी, मग कापूस. विकतचं खत परवडत नसलेल्या शेतकऱ्यासाठी ही फेरपालट होती. १९०५ साली थकलेली जमीन कशी सुधारावी यावर त्यांनी साध्या भाषेत एक पुस्तिकाच काढली. १९०६ पासून तर घोडागाडीतून शिकवणी शेतावरच जाऊ लागली.

तरीही फेरपालट पटापट पसरली नाही, आणि इथे मी बराच वेळ अडलो. बहुतेक काळे शेतकरी वाट्याने जमीन कसायचे. बी-बियाणं, पीठ-मीठ उधारीवर, आणि सावकार उधारी द्यायचा ती कापसावर. चवळीवर कोण देणार? शिवाय पुढच्या वर्षी हेच रान आपल्याकडे असेल याची खात्री नाही, मग त्याच्या घळी कोण बुजवणार? मास्तरांचं पटत असूनही लोक कापूसच लावत राहिले. आम्ही डिझाइन करताना असला लोड धरतच नाही.

पुढे बोंडकिड्याने कापूस खाल्ला आणि भुईमूग वाढला. कार्व्हरांनी त्याचे शेकडो उपयोग सुचवले, १९२१ साली अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली, प्रसिद्धी मिळाली. पण गंमत बघा, भुईमूग उपटून काढावा लागतो. वेल, मुळं सगळं वर येतं, रान भुसभुशीत आणि उघडं पडतं. मागोमाग जमीन झाकणारं पीक नसेल तर उतारावर धूप पुन्हा सुरू. म्हणजे नुसतं पीक बदलून भागत नाही, कशामागून काय येतं ते बघावं लागतं. लोकांनी मात्र क्रम विसरून शेंगदाणा तेवढा लक्षात ठेवला.

मोठमोठी धुळीची वादळं झाल्यावर १९३५ साली अमेरिकन सरकारने मृद्‌संधारणाचं स्वतंत्र खातं काढलं. कार्व्हर तेव्हा सत्तरीत होते. टस्कीगीला येऊन त्यांना एकोणचाळीस वर्षं झाली होती. ५ जानेवारी १९४३ ला ते गेले. त्यांना तिथेच, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी पुरलं आहे.