बाबासाहेबांची बुडालेली पुस्तके

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले की राज्यघटना, महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर आणि नागपूरची दीक्षाभूमी डोळ्यांसमोर उभी राहते. आमच्या भागातल्या माणसाला आणखी एक तारीख ठाऊक असते, ती म्हणजे १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब चांद्याला आले आणि तेथेही त्यांनी धम्मदीक्षा दिली. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. त्या वेळी आमचे मुलचेऱ्याचे हे जंगलही चांदा जिल्ह्यातच होते.

परंतु वाचकहो, या लेखात मला घटनाकार बाबासाहेबांविषयी लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते जुनी पुस्तके विकत घेणाऱ्या बाबासाहेबांविषयी. जुनी म्हणजे दुसऱ्याने वाचून विकलेली, कोपरे दुमडलेली, स्वस्तात मिळणारी. ज्यांच्या घरात पुस्तक ही वस्तू प्रथम त्यांच्याच दप्तरातून आली, अशा मुलांपैकी मी एक आहे. म्हणूनच बाबासाहेबांच्या चरित्रातला हा भाग मला इतर भागांपेक्षा जवळचा वाटतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, कबीरपंथी होते, आणि घरात रामायण-महाभारताचे वाचन चाले. म्हणजे अक्षराला हे घर परके नव्हते. परके होते ते पैशाला! पेन्शनवर चालणारा संसार, मुंबईला परळच्या चाळीत एक खोली, आणि मुलगा मात्र पुस्तक मागणारा. भीमाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले, की रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणत आणि सावकाराकडे गहाण टाकत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करीत. आमच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की मगच वह्यापुस्तकांचे पैसे हाती येतात. त्यामुळे रामजींची ही ओढाताण मला कुणी वेगळी समजावून सांगावी लागली नाही. फक्त एवढेच वाटते की, ज्या बहिणींचे दागिने गेले-आले, त्यांचीही नावे आपण लक्षात ठेवावीत. मंजुळा आणि तुळसा अशी ती नावे.

शाळेत असताना भीमराव संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांची व त्यांची ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराची सभा भरली आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीने ते १९१२ साली बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी रामजी वारले. त्याच वर्षी महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

पुस्तकवेडाची खरी गोष्ट येथे सुरू होते. शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंड. त्यातूनच घरी पैसे पाठवायचे, त्यातूनच जेवायचे. नाटक, सहली, मौजमजा यांवर खर्च शून्य. फावला वेळ मिळाला की हा तरुण जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शिरे. तिथे नवी कोरी प्रत न मागता ढिगात हात घालून हवे ते शोधायचे, भाव करायचा आणि एक वेळचे जेवण आखडते घेऊन ते खोलीवर आणायचे, असा क्रम चाले. तीन वर्षांत अशी सुमारे २००० पुस्तके जमली! अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते, आणि जुन्या पुस्तकात जुना आकडा, जुना कायदा, जुना वाद सापडतो. अभ्यासकाला तोच हवा असतो. नव्या पुस्तकाची ऐपत नाही म्हणून जुने घेणे आणि जुन्याचीच गरज आहे म्हणून जुने घेणे, या दोन गोष्टी त्यांच्या बाबतीत एकत्र आल्या, असे माझे मत आहे. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि हा संग्रह हिंदुस्थानात नेण्यासाठी एका परिचिताच्या स्वाधीन केला. त्यातली बरीच पुस्तके त्यांना परत मिळालीच नाहीत.

लंडनमध्ये पुन्हा पुस्तके जमू लागली. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध पेटलेले होते. बाबासाहेब स्वतः आगगाडीने फ्रान्समधील मार्सेल्स बंदराला गेले आणि तेथून 'कैसर-ए-हिंद' या बोटीत बसले. सामान व पुस्तके मात्र टॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने रवाना झाली. तिचे नाव 'सालसेट'. २० जुलै १९१७ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारून बुडवले. आमच्याकडे बोट म्हटली की प्राणहितेवरचा डोंगा डोळ्यांपुढे येतो. समुद्राच्या तळाशी भिजत पडलेल्या त्या पेट्या मी फक्त कल्पनेनेच पाहू शकतो.

बोट बुडाल्याची बातमी मुंबईला पोहोचली तेव्हा घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकली. बाबासाहेब त्याच बोटीत होते की काय, या भीतीने सारे हवालदिल झाले. अखेर २१ ऑगस्टला ते सुखरूप मुंबईत उतरले. पुस्तकांची भरपाई म्हणून कंपनीकडून ६०० रुपये मिळाले, आणि त्यातलेच काही पैसे बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी प्रवासखर्चाला लागले. बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळेना, पारशी खाणावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, हे सर्वांना माहीत आहे. पुस्तके समुद्रात गेली आणि त्यांच्या भरपाईच्या पैशांनी केलेला प्रवास असा संपला! चरित्रातला हा योगायोग वाचताना मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले होते.

आता रमाबाईंविषयी लिहिले पाहिजे. नवरा परदेशी असताना ती माउली गोवऱ्या थापून संसार रेटत होती. पाच मुलांपैकी चार मुले लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. १९२० साली बाबासाहेब प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस दिवस बसले आणि १९२३ मध्ये परतले. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ त्याच वर्षी लंडनला प्रसिद्ध झाला. इकडे घरात मात्र ओढग्रस्त होती. पुस्तकांवर खर्च झालेला प्रत्येक पैसा हा घरातून गेलेला पैसा होता. हे बरोबर होते काय? मी या प्रश्नावर बराच विचार केला. त्या पुस्तकांचा लाभ आपल्याला झाला, हे आपण सहज म्हणतो. पण किंमत मोजली ती रमाबाईंनी आणि त्यांना विचारले कोणी होते, असे चरित्रांतून दिसत नाही. भाषणांतून त्यांच्या त्यागाचा गौरव होतो, तेव्हा हा प्रश्न गौरवाखाली झाकला जातो, असे मला वाटते.

१९३० नंतरच्या वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले. बंगला बांधताना पुस्तकांचाच विचार आधी झाला. खाली कुटुंब, वर ग्रंथालय! न्यूयॉर्कची गेली, सालसेटवरची गेली, तरी हा माणूस पुन्हा पेट्या भरून पुस्तके आणीतच राहिला. रमाबाईंना हे घर फार काळ लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी त्या तेथेच वारल्या. दादरलाच बांधलेली दुसरी इमारत 'चारमिनार' बाबासाहेबांनी १९४१ साली विकली. कर्ज फेडायचे होते आणि पुस्तकेही घ्यायची होती. उलट, ग्रंथसंग्रह विकत घेण्याची मागणी आली तेव्हा त्यांनी ती नाकारली. इमारत विकली, पुस्तके नाही.

मग ही पुस्तके त्यांनी कोणाला दिली? पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय २० जून १९४६ रोजी मुंबईत सुरू झाले, आणि ज्या संग्रहातले पुस्तक ते सहसा कोणाला घरी नेऊ देत नसत, त्यातली पुस्तके त्यांनी या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिली. तिथे येणारी बरीच मुले घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी होती. कोलंबियात बाबासाहेबांना शिकवणारे जॉन ड्यूई यांचा लोकशाही व शिक्षण या विषयावरचा ग्रंथ १९१६ साली निघाला. बाबासाहेबांची स्वतःची त्याची प्रत समुद्रात गेली नाही. ती सिद्धार्थ महाविद्यालयात जपून ठेवलेली आहे, आणि तिच्या पानापानांवर त्यांनी वाचताना ओढलेल्या रेघा आहेत.