डेमलो स्टेशनचा आकडा

शनिवारी हॉस्टेलवरून बदलापूरला घरी जाताना डोंबिवली आली की मला एकच टेन्शन असतं: उतरणाऱ्यांच्या लोंढ्याबरोबर आपणही बाहेर फेकले जाणार. उल्हासनगर-अंबरनाथच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. पण याच स्टेशनवर एका माणसाला गणित सुचलं, हे मला एम-२ ला केटी लागेपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, मुंबईपासून ३० मैलांवरचं हे स्टेशन म्हणजे डेमलो. म्हणून त्या संख्याही डेमलो संख्या.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. वडील कारकून, आठव्या वर्षी आई गेली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, १९२९ ला बीएस्सी. पुढची डिग्री नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. त्यांचा ६१७४ तुम्ही ऐकला असेल, मला मात्र त्यांचा मोठा आकडा जास्त आवडतो.

१११११११११ चा वर्ग करा. कॅल्क्युलेटरवर नको, तो १.२३४५६७८९९ गुणिले दहाचा सोळावा घात दाखवून सगळी मजा घालवतो. वहीत करा. नऊ एक एकेक घर सरकत नऊ ओळींत येतात, मधल्या घरात नऊ एक जमतात, बाजूला आठ, मग सात. हातचा कुठेच नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१.

कापरेकरांची नजर पुढे गेली. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे पुन्हा तोच ९! छोटं उदाहरण १६५: टोकांचे १ आणि ५ मिळून मधले ६. शिवाय त्या मोठ्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भागही जातो. पण दहा एक घेतले की मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असा घोटाळा होतो. बिचारा एक जास्तीचा एक!

असल्या गोष्टींना आपल्याकडचे बरेच गणितज्ञ तेव्हा हसले. शाळामास्तरचे खेळ, अशीच भावना. कापरेकर मात्र लिहीत राहिले, पुस्तिका स्वतःच छापत राहिले. १९६६ मध्ये पत्नी वारली, पेन्शन पुरेना, तेव्हा गणित-सायन्सच्या शिकवण्या घेतल्या. (माझी केटीची फी बाबांनी भरली, हे इथे कबूल करते.)

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला कापरेकर कळले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.