शिरीषकुमार : तिकिटामागचा इतिहास

नंदुरबार - 'चले जाव' आंदोलनाला २५ वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त भारतीय टपाल खात्याने १९६७ मध्ये एक तिकीट काढले. त्यावर पाटण्याचे हुतात्मा स्मारक आहे. ११ ऑगस्ट १९४२ रोजी तेथील सचिवालयावर तिरंगा फडकविण्यासाठी निघालेले सात विद्यार्थी पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडले. शिल्पकार देवीप्रसाद रायचौधरी यांनी त्यांना ब्राँझमध्ये अमर केले. चित्र पाटण्याचे असले, तरी तिकीट साऱ्या आंदोलनाचे होते. पाटण्याच्या घटनेला महिनाही उलटला नव्हता, तोच खानदेशातील नंदुरबार येथे पाच मुलांनी त्याच वाटेने जाऊन प्राण दिले. त्यांच्या अग्रभागी होता शिरीषकुमार मेहता.

शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ रोजी नंदुरबारच्या एका गुजराती व्यापारी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव पुष्पेंद्रभाई, आईचे सविताबेन. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. गुजरातच्या सीमेवरील, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील या व्यापारी गावात मराठी, गुजराती आणि अहिराणी एकाच बाजारपेठेत नांदत. घरची भाषा गुजराती आणि गावची मराठी, अशा वातावरणात तो वाढला. प्रभातफेऱ्या, देशभक्तीपर गीते आणि घोषणा यांनी त्या पिढीचे बालपण भारलेले होते.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह प्रमुख नेत्यांना अटक झाली. आंदोलनाचे नेतृत्व तुरुंगात गेले, तेव्हा गावोगावच्या सामान्य माणसांनी आणि शाळकरी मुलांनी ते आपल्या हाती घेतले. नंदुरबारही त्याला अपवाद नव्हते.

बरोबर एक महिन्याने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, गावात मिरवणूक निघाली. त्यात मुले होती, तशा मुलीही होत्या. शिरीषकुमारच्या हाती तिरंगा होता आणि मुखी गुजराती घोषणा. पोलिसांनी मिरवणूक अडविली, पांगण्याचा हुकूम दिला. मुले हटली नाहीत. लाठीमार झाला, तरीही हटली नाहीत. एका पोलीस अधिकाऱ्याने मुलींच्या दिशेने बंदूक रोखताच शिरीषकुमार पुढे झाला आणि गोळी झाडायचीच असेल, तर ती आपल्यावर झाडावी, असे त्याने बजावले. गोळ्या त्याच्या छातीत शिरल्या. सोळावा वाढदिवस अद्याप तीन महिन्यांहून अधिक दूर होता. त्याच्यासोबत लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही हुतात्मा झाले. या पाच नावांत गुजराती आणि मराठी असा भेद उरला नाही.

कोवळ्या वयातील पराक्रम तिकिटावर आणण्याची प्रथा अन्यत्रही आहे. अमेरिकेने आपल्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त १९७५ मध्ये सिबिल लुडिंग्टन या मुलीचे तिकीट काढले. १७७७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, रात्रीच्या अंधारात घोडा फेकीत तिने सैनिकांना इंग्रजांच्या हल्ल्याची वर्दी दिली, अशी तिची ख्याती. तिकिटाच्या पाठीवर, डिंकाच्या बाजूला, तिची हकिगतही छापली होती. ही कथा मात्र प्रथम छापली गेली ती घटनेनंतर सुमारे शंभर वर्षांनी, त्यामुळे आजचे अनेक अभ्यासक त्या दौडीविषयीच शंका घेतात.

नंदुरबारची घटना काळोखात घडली नाही. ती भरवस्तीत, गावाच्या डोळ्यांदेखत घडली. पण डोळ्यांदेखत पाहणारे एकेक करून काळाआड गेले, की घटनेची शहानिशा करणारेही उरत नाहीत आणि पराक्रमाची हळूहळू दंतकथा होऊ लागते. नगराच्या माणिक चौकातील स्मारकाजवळ दरवर्षी ९ सप्टेंबरला या पाचही जणांना अभिवादन केले जाते. फुले वाहताना शिरीषकुमारसोबत उरलेल्या चौघांची नावेही मोठ्याने उच्चारली जावीत आणि पाचही जणांची हकिगत शाळाशाळांतून सांगितली जावी. चिमुकल्या तिकिटावर एका चित्रापुरतीच जागा असते. त्यामागचा उरलेला इतिहास जपण्याचे काम त्या त्या गावालाच करावे लागते.