झुबेदाचं पाणी

नळाला एक दिवस पाणी आलं नाही तर आपली केवढी तारांबळ उडते! मग विचार करा, बाराशे वर्षांपूर्वी वाळवंटातल्या मक्केत हजारो यात्रेकरू आल्यावर काय होत असेल?

झुबेदा ही बगदादच्या खलिफा मन्सूरची नात. लहानपणी गुटगुटीत, म्हणून आजोबांनी लाडाने लोण्यावरून हे नाव ठेवलं. पुढे ती खलिफा हारून अल रशीदची बेगम झाली. दागिन्यांची, थाटामाटाची हौस तिला होतीच. पण हजला गेल्यावर पाण्यावाचून होणारे लोकांचे हाल तिने पाहिले आणि स्वतःची तिजोरी उघडली. डोंगर फोडून दूरच्या झऱ्यांचं पाणी दगडी पाटाने मक्केकडे आणलं. खर्च ऐकून कारागीर कचरले, तेव्हा कुदळीच्या एकेका घावाला दिनार पडला तरी चालेल, असं तिने बजावल्याचं सांगतात. कुफा ते मक्का या सुमारे १,४०० किलोमीटरच्या वाटेवर तिने विहिरी आणि हौद बांधले. काही हौदांत तर पावसाचं पाणी आधी छोट्या टाकीत गाळ बसवून मगच आत घेत.

सन ८१३मध्ये गादीच्या भांडणात तिचा एकुलता एक मुलगा अमीन मारला गेला. सन ८३१मध्ये तीही गेली. आज मक्का समुद्राचं गोडं केलेलं पाणी पिते. पण त्याआधी हजार वर्षांहून अधिक काळ झुबेदाच्या पाटाने तिथली तहान भागवली. पोटच्या मुलाचं राज्य चार वर्षंच टिकलं. आईचं पाणी मात्र टिकलं.